मदत हवी आहे: जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये (बोटीच्या मागे लावायचं इंजिन) कार्बन साचलाय, हेड (सिलिंडरचं झाकण) उघडावं का?

२५ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, कार्ब्युरेटरवालं मशीन. बराच वेळ मंद गतीवरच चालतं. आता आयडलिंगला अडखळतं, धूर वाढलाय, खालचा प्लग ओला आणि काळा निघतो. गरम इंजिनावर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वरच्या सिलिंडरमध्ये ११० पीएसआय, खालच्यात ८५. तेल टीसी-डब्ल्यू३ (आउटबोर्डसाठीचं टू-स्ट्रोक तेल), पेट्रोल-तेल प्रमाण ५०:१. हेड न उघडता कार्बन निघेल का? तेल कमी केलं तर?

उत्तर १
तेल अजिबात कमी करू नका. कंपनीने ५०:१ सांगितलं असेल तर तेच ठेवा. कार्बन कमी होईल न होईल, बेअरिंग आणि पिस्टन मात्र आधी जातील.

दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये साधारण १० टक्क्यांपर्यंत फरक चालतो, तुमचा २० च्या वर आहे. मोजताना दोन्ही प्लग काढलेले आणि थ्रॉटल पूर्ण उघडा होता ना? नसेल तर पुन्हा मोजा. मग प्लगच्या भोकातून बॅटरी मारून सिलिंडरची भिंत बघा. उभे ओरखडे दिसले तर कुठलंही रसायन उपयोगाचं नाही. भिंत गुळगुळीत असेल तर खालच्या सिलिंडरची पिस्टन रिंग तिच्या खाचेत चिकटली असण्याची शक्यता मोठी, आणि ती भिजवून सुटू शकते.

उत्तर २
भिजवताना एक गोष्ट हमखास चुकते. सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे ओतलेलं द्रव एका बाजूला साचतं किंवा एक्झॉस्ट पोर्टमधून निघून जातं. मशीन पूर्ण वर टिल्ट करा, म्हणजे प्लगची भोकं आकाशाकडे होतात. फ्लायव्हील हाताने फिरवून खालच्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणा आणि इंजिन डीकार्बनायझर (कार्बन सोडवणारं द्रव) साधारण ३० मिली ओता. रात्रभर राहू द्या. वरच्या सिलिंडरचं नंतर वेगळं करा, कारण एक पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा खाली असतो.

सकाळी मशीन सरळ करा, प्लगच्या वायरी अर्थ करा, भोकांवर फडकं धरा आणि स्टार्टरची दोरी ८-१० वेळा ओढा. द्रव आत असताना प्लग लावून ओढलंत तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग जुनेच प्लग लावून मोकळ्या हवेत, पाण्यात सुरू करा. कोरडं चालवलं तर इम्पेलर काही सेकंदांत जातो. दाट धूर येईल, तो अपेक्षितच आहे. गरम झाल्यावर १०-१५ मिनिटं लोडवर, पाऊण थ्रॉटलला चालवा. त्यानंतर नवे प्लग घाला आणि कॉम्प्रेशन परत मोजा. थोडं वाढलं तर आणखी एकदा भिजवा.

उत्तर ३
थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) तपासल्याशिवाय हे सगळं वाया जाईल. तो उघडाच अडकला की इंजिन थंड चालतं, तेल नीट जळत नाही आणि रिंगांवर डिंकासारखं बसतं. भांड्यातल्या पाण्यात दोरीने टांगून तापवा. गार पाण्यातच उघडा दिसला तर बदला. मंद गतीचं काम संपलं की परतताना काही मिनिटं जोरात चालवा.

दोनदा भिजवूनही ८५ च राहिलं तर हेड काढा. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन लाकडी पट्टीने खरवडा. सँडपेपर नको, त्याचे कण भिंतीलगत अडकतात. रिंग काढावी लागली तर खाच जुन्या रिंगच्या तुटक्या तुकड्याने साफ करा आणि नवी बसवताना तिची तोंडं खाचेतल्या पिनवर जुळवा, नाहीतर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. गॅस्केट नवीनच. बोल्ट मधल्यापासून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कने.