दारं उघडी होती म्हणून वाडा चांगला होता का? (कालच्या पोस्टला उत्तर, लांब आहे)

तिसरा_मजला
काल इथे एकाने जुन्या नाशकातल्या वाड्यांवर पोस्ट टाकली होती, लोकांनी बदामांचा पाऊस पाडला. म्हणणं असं की वाड्यात दारं दिवसभर सताड उघडी असायची, कोणाकडे काय शिजलं ते सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि आताची फ्लॅटमधली पिढी शेजाऱ्याने दोन प्रश्न विचारले की प्रायव्हसी प्रायव्हसी करत बसते. शेवटचं वाक्य होतं, "शेजारी भोचक नाहीत, तुम्ही माणूसघाणे झालात." ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहितेय.

मी इंदिरानगरला आठ वर्षं राहते. समोरच्या काकूंचं दार आणि माझं दार यात चार पावलं. कुरियरवाला आला की मी घरात असले तरी काकू पार्सल घेतात, हलवून बघतात, एकदा तर टेप काढून "बघितलं गं, कुर्तीच आहे" म्हणून हातात दिलं. हे सगळं मी सोडून देत आले, मोठ्या आहेत म्हणून.

गेल्या महिन्यात सकाळी घंटागाडी आली. सुक्या कचऱ्याची पिशवी पातळ, पांढरी, आतून एका पाकिटाची गुलाबी कड दिसत होती. काकू म्हणाल्या "दे, मी टाकते", पिशवी घेतली आणि माझ्यासमोर बोटाने ती कड सरळ करून वाचली. प्रेग्नन्सी टेस्टचं पाकीट होतं. संध्याकाळी निफाडहून सासूबाईंचा फोन, "एवढी आनंदाची बातमी आणि आम्हाला शेजारणीकडून कळते?" वास्तुशांतीला दोघींनी नंबर घेतले होते एकमेकींचे. टेस्ट निगेटिव्ह होती हो. चौथी निगेटिव्ह. नवऱ्याला सुद्धा मी अजून सांगितलं नव्हतं, आणि फोनवर सासूबाईंना "नाही, तसं काही नाही" हे मला सांगावं लागलं, त्या गप्प झाल्या ते ऐकावं लागलं.

आता सांगा, माणूसघाणी मी का?

तिवंध्याचा_पोऱ्या
ती पोस्ट माझीच. ताई, तुमच्याबाबतीत झालं ते वाईट झालं, पण एका काकूवरून अख्ख्या वाड्यांना नावं ठेवू नका. 2008 च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती दिसेनाशी झाली, सराफ बाजारात पाणी शिरलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांना खुर्चीसकट उचलून वर कोणी नेलं? वरच्या मजल्यावरच्यांनी. आजोबा रात्री कुठल्या खोलीत झोपतात, औषधाचा डबा कुठल्या फडताळात असतो हे त्यांना माहीत होतं म्हणून पाच मिनिटात झालं. तुमच्या फ्लॅटमधे उद्या काही झालं तर दार तोडावं लागेल आणि तोडणाऱ्याला तुमचं नावही माहीत नसेल. ही माहिती भोचकपणातूनच येते, दुसरा रस्ता नाही.

तिसरा_मजला
औषधाचा डबा कुठे आहे हे माहीत असणं आणि डब्यातल्या गोळ्या कशाच्या ते गल्लीत सांगणं यात फरक नाही का दादा? पुराचं मला मान्य आहे. पूर बारा वर्षांतून एकदा येतो, काकू रोज येतात.

तिवंध्याचा_पोऱ्या
बारा वर्षांनी कुंभ येतो. पूर 2019 ला परत आला होता.

पंचवटीची_लेक
"दुसरा रस्ता नाही" कसा नाही? आमच्या समोरच्या मावशी, 2021 च्या एप्रिलमधे आम्ही चौघंही कोरोना पॉझिटिव्ह होतो तेव्हा सतरा दिवस दाराच्या कडीला डबा अडकवून जायच्या, बेल एकदा वाजवायच्या आणि जिन्यात उतरून उभं राहायच्या, डबा आत गेला की मगच खाली. ऑक्सिजन किती, कोणाला ताप, एकही प्रश्न नाही. आम्ही आपणहून सांगितलं तेवढंच. आणि बिल्डिंगमधल्या बाकीच्यांना आम्ही पॉझिटिव्ह आहोत हेसुद्धा त्यांच्याकडून कळलं नाही. मदत करायला पिशव्या उचकटाव्या लागत नाहीत.

बी_विंग_सेक्रेटरी
सहा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे, थोडं सांगतो. लोक माझ्याकडे येतात, "अमुक बाई आमच्याकडे कोण आलं गेलं बघतात, नोटीस काढा". कशाच्या आधारावर काढू? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमधे, म्हणजे नियमावलीत, दुसऱ्या सभासदांना उपद्रव होईल असं वागू नका असं आहे, पण दाराच्या फटीतून बघणं त्यात कसं बसवणार? आवाजाचं बसतं. 2000 सालच्या ध्वनी नियमांत निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा, हे दाखवता येतं. नजरेला डेसिबल नाही. लेखी तक्रार द्या म्हटलं की निम्मे परत जातात, कारण रोज लिफ्टमधे तेच तोंड बघायचंय.

तुम्ही काकूंशी एकदा तोंडावर बोललात का? हे मी विचारतोय कारण दहातली आठ प्रकरणं तिथेच अडलेली असतात.

तिसरा_मजला
नाही बोलले. तेच होत नाही माझ्याच्याने.

निकाल_वाचणारा
सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय. कोणी हसण्यावारी नेऊ नये.

तिवंध्याचा_पोऱ्या
तो निकाल मुख्यतः सरकारच्या विरोधात वापरायचा, समोरच्या काकूच्या नाही. काकूवर रिट याचिका टाकणार का?

निकाल_वाचणारा
हो, सरळ तसा लागू होत नाही, कबूल. पण कोर्टाला जे नऊ जणांनी बसून लिहावंसं वाटलं ते तुम्ही माणूसघाणेपणा म्हणून उडवताय एवढंच म्हणायचं होतं.

सिडको_चौथी_स्कीम
तुम्ही सगळे फ्लॅटवाले आणि वाडेवाले, आमचं कोणी बोलत नाही. सिडकोच्या घरांना दोन घरांत भिंत एकच, पलीकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मोजता येतं. आम्ही मूळचे जळगावकडचे, आमच्या गल्लीत निम्मे खान्देशीच, भरताची वांगी आली की सहा घरांत वाटी जाते, मला त्याचं काही वाईट वाटत नाही. पण शेजाऱ्याने वर मजला चढवला आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकीच बंद केली. चौदा वर्षं आई ट्यूबलाइट लावून दुपारी भाकऱ्या करते. प्रायव्हसी राहू द्या, उजेड द्या आधी.

जास्वंदवाली
विषय शेजाऱ्यांचा आहे म्हणून माझंही लिहिते. महात्मानगरला आमचं जुनं रो हाऊस आहे, कंपाउंडला लागून जास्वंद, तगर, अनंत आणि कोपऱ्यात पारिजातक. पहाटे पावणेसहाला गल्लीतले एक काका वेताच्या काठीला तारेचा आकडा लावून येतात, फांदी आकड्याने ओढतात, हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत सगळी फुलं. सगळी म्हणजे सगळी. कळ्यासुद्धा, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या. माझ्या स्वतःच्या देवाला मी बाजारातून वीस रुपयांची पुडी आणते. विचारलं तर म्हणाले "देवाचं काम आहे, नाही म्हणू नये".

रोजची_पूजा
फांदी कंपाउंडच्या बाहेर आली असेल तर त्यात एवढं काय? फुलं झाडावर वाळून जाण्यापेक्षा देवाच्या पायाशी गेलेली बरी. आम्हीही तोडतो, चार दोन.

जास्वंदवाली
फांदी बाहेर आलेली नाही, आकड्याने बाहेर ओढतात, ते लिहिलंय वर. आणि वाळून जातात म्हणजे काय? जास्वंदाचं फूल एका दिवसाचं असतं, सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं. तो एक दिवस ते मला माझ्या अंगणात बघायचं असतं. मी खत घालते, मिलीबग आला की कडुनिंबाचं तेल फवारते, मे महिन्यात आंघोळीचं पाणी साठवून झाडांना घालते. एक दिवसाचं फूल बघायचा हक्क मला नाही?

पंचवटीची_लेक
माझी आजी सांगायची, मागून आणलेलं फूल चालतं, चोरलेलं नाही. पारिजातक तर खाली पडलेलाच वेचायचा, तोही ज्याचं झाड त्याला विचारून.

रोजची_पूजा
चोरी वगैरे शब्द जरा जपून वापरा. आमच्या वडिलांनी आयुष्यभर शेजारच्यांच्या बागेतली फुलं वाहिली, कोणी चोर म्हटलं नाही त्यांना. तेव्हा माणसं मोठ्या मनाची होती.

जास्वंदवाली
विचारून वाहिली असतील! माझ्या दारात येऊन "ताई, चार फुलं घेऊ का" म्हणा, मी परडी भरून देईन, गणपतीत तर मी स्वतः चार घरी एकवीस एकवीस दूर्वा आणि लाल फूल पोचवते. पण मी झोपेत असताना आकडा? आणि मोठं मन कायम झाडवाल्यानेच का दाखवायचं?

सिडको_चौथी_स्कीम
ताई काटेरी बोगनवेल लावा कंपाउंडवर.

जास्वंदवाली
लावली. तो आकडा वरून येतो. कधी कधी वाटतं सगळं उपटून टाकून फरशी करावी.

बी_विंग_सेक्रेटरी
उपटायच्या आधी एक, पारिजातक हा वृक्ष धरला जाऊ शकतो, तसं असेल तर 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते, नाहीतर दंड तुम्हालाच. आणि त्या कायद्यात फुलं तोडणाऱ्याला काही नाही. हे मलाही पटत नाही पण आहे असं आहे.

रोजची_पूजा
फुलांवरून पोलीस, महापालिका! अशानेच शेजार संपला.

जास्वंदवाली
शेजार तुमच्या आकड्याने संपला. मी कोणाकडेही गेले नाही, तीन वर्षं गप्प बसलेय. गप्प बसणाऱ्याच्या जिवावर तुमचा शेजार चालू होता.

तिसरा_मजला
जास्वंदवाली ताई, धागा माझा होता आणि फुलांवर गेला म्हणून मी मघाशी वैतागले होते, खरं सांगते. पण ही तुमची शेवटची ओळ वाचून थांबले. कुरियर, पिशवी, सासूबाईंचा नंबर, प्रत्येक वेळी मी हसून "असू दे काकू" म्हणालेय.

तिवंध्याचा_पोऱ्या
म्हणजे सगळा दोष वाड्यातल्या माणसांचा. छान. आमच्याकडे रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या मोठ्या हौदात, धप्पा (उडी) मारताना कोणाचा मुलगा कोणाच्या खांद्यावर असतो ते बघायला एकदा या, मग बोला.

पंचवटीची_लेक
दादा तुम्ही पुरुष आहात, वाड्यात तुम्ही अंगणात खेळलात. तुमच्या आईला विचारा एकदा वाडा कसा होता. नळावर, जिन्यात, संडासच्या रांगेत. तुमच्या आठवणीतलं उघडं दार कोणाच्या अंगावर उघडं होतं ते.

तिवंध्याचा_पोऱ्या
माझ्या आईला मधे आणायचं काम नाही. माझ्या आईने त्या वाड्यात तीस वर्षं काढली, कधी तक्रार केली नाही. काहीही बोलता तुम्ही लोक.

निकाल_वाचणारा
विचारा म्हटलं, अपमान नाही केला कोणी.

पंचवटीची_लेक
सूर चुकला असेल तर माफ करा. प्रश्न मागे घेत नाही.

सिडको_चौथी_स्कीम
सगळे गप्प झाले. खिडकीचं काय करायचं तेवढं सेक्रेटरी साहेबांनी सांगा.

बी_विंग_सेक्रेटरी
वरचा मजला महापालिकेची परवानगी घेऊन बांधलाय का ते माहिती अधिकारात विचारा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विनापरवाना निघाला तर नगररचना विभागात लेखी तक्रार. पण चौदा वर्षं थांबलात, ते आधी का नाही विचारलं असं तिथे म्हणतील, उत्तर तयार ठेवा.

तिवंध्याचा_पोऱ्या
आईला विचारलं. रागानेच विचारलं, म्हटलं सांग यांना. हा धागा वाचून दाखवला, ताईंचं घंटागाडीचं आलं तेव्हा ती शेंगा सोलत होती, हात थांबला तिचा. म्हणाली, तुझ्यानंतर दोन वेळा राहिलं नाही, तेव्हा मी नळावर भांडी घेऊन गेले की सगळ्या गप्प व्हायच्या, मी वळले की परत सुरू. मग मी पहाटे चारला भांडी घासायला लागले, कोणी नसायचं तेव्हा. मला आठवतंय, ती चारला उठायची, आम्हाला वाटायचं आई कामसू आहे.

मला हे पंचेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

पुराचंही खरं आहे, ते मी मागे घेणार नाही. आजोबांना उचलणाऱ्यांत त्या नळावरच्या बायकांचीच मुलं होती. माणूसघाणे हा शब्द मात्र काढतो पोस्टमधून.

तिसरा_मजला
दादा, आईंना माझा नमस्कार सांगा.

उद्या घंटागाडी आली की पिशवी मी स्वतः टाकणार आहे. काकूंनी हात पुढे केला तरी द्यायची नाही आणि तिथेच सांगायचं की त्या दिवशीचं मला लागलंय आणि सासूबाईंना परत फोन करू नका. वाक्य पाठ करतेय सकाळपासून. आवाज चढला तर चढला. काकूंचा गुडघा दुखतो, जिना उतरताना कठडा धरतात, ते मला माहीत आहे, ते मी कोणाला सांगत फिरत नाही, आणि उतरताना हात देते तो उद्याही देईन.

जास्वंदवाली
बोला आणि इथे येऊन सांगा. मी पण उद्या साडेपाचचा गजर लावलाय. परडी घेऊन फाटकात उभी राहणार आहे, बघू ते काका आधी काय काढतात, तोंडातून शब्द की आकडा.