मदत हवी आहे: आईच्या हाताची शीर सुतळीसारखी कडक झाली आहे

नमस्कार मंडळी, आम्ही ऐरोलीला राहतो. आई 68 वर्षांची. तिच्या हातावरच्या शिरा तशा आधीपासूनच दिसतात. वयाने कातडी पातळ झाली, खालची चरबी उतरली, की त्या उठून दिसणारच. उकाड्यात तर जास्तच फुगतात. हात डोक्याच्या वर धरला की बसतात, म्हणून कधी काळजी केली नाही. (वजन उतरवल्यापासून माझ्याही दिसायला लागल्यात, लोकलमध्ये वरची दांडी धरली की दिसत नाहीत, पण हात खाली सोडला की लगेच!)

आताचा प्रकार वेगळा आहे. तीन आठवड्यांपूर्वी तापामुळे ती ॲडमिट होती, उजव्या हाताला सलाईन होतं. सुई होती तिथून मनगटाच्या वरपर्यंत एकच शीर ताठ झालीय. बोट फिरवलं की गाठ लागते, आणि हात वर केला तरी बसत नाही. लाली गेली, पण पोळ्या लाटताना कळ येते. फॅमिली डॉक्टर म्हणाले, सुईमुळे शिरेला सूज आली आहे, गरम शेक द्या. हात सुजला, लाली वर चढली किंवा ताप आला तर थांबू नका, लगेच या. तसं काही नाही, पण कडकपणाही तसाच आहे.

कुणाला असं झालंय का? किती दिवस लागले? डॉप्लर सोनोग्राफी (शिरेतला रक्तप्रवाह बघायची) करावी लागली का? ठाण्यात किंवा वाशीत व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचे डॉक्टर) सुचवा, शक्यतो स्टेशनजवळ. शेजारच्या काकू जळवा लावा म्हणतायत, तसले उपाय कृपया नकोत.