संकेश्वरहून समुद्रातील गळाच्या मासेमारीला जायचे आहे: हंगाम, बंदर आणि होडी

हिडकलकाठचा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही संकेश्वर परिसरातील चौघे मित्र अनेक वर्षे हिडकल जलाशयावर आणि घटप्रभेच्या काठी गळ टाकत आलो आहोत. रोहू, कटला आणि मरळ हेच आमच्या परिचयाचे मासे. येत्या हंगामात होडी भाड्याने घेऊन समुद्रात गळाने मासे धरावेत, असा विचार पक्का झाला आहे. आजरा-आंबोलीमार्गे वेंगुर्ले किंवा मालवण आम्हाला सोयीचे पडते. चोर्ल्यातून गोवा आणि खाली कारवार हेही पर्याय आहेत. सुरमई मिळावी अशी सर्वांची इच्छा आहे, परंतु होडीवाले जी छायाचित्रे पाठवतात त्यांत मोठे कोकरच (ट्रेव्हली जातीचे मासे) अधिक दिसतात. कोणता महिना निवडावा, जलाशयावरचा रॉड चालेल का, आणि होडी ठरवताना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी सांगावे.

खानापूरकर

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा ते दोन महिने सोडूनच द्यावेत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंदी उठलेली असली तरी नद्यांचे गढूळ पाणी किनाऱ्यालगत दूरवर पसरलेले असते, आणि सुरमई नजरेने शिकार करणारा मासा असल्यामुळे तिला निवळ पाणी लागते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात वादळे येतात. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ने कोकण किनाऱ्यावर काय केले, हे तिकडच्या कोणत्याही मच्छीमाराला विचारावे. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. निघण्यापूर्वी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा सागरी अंदाज अवश्य पाहावा, कारण लाटांची उंची आणि वाऱ्याचा वेग त्यात दिलेला असतो. पहाटे मतलई वारा असेपर्यंत पाणी बहुधा शांत राहते, दुपारी खारे वारे सुटले की होडी आपटू लागते. त्यामुळे उजाडण्यापूर्वी बंदर सोडणारा तांडेलच (होडीचा प्रमुख) निवडावा.

मूळचा मालवणचा, सध्या टिळकवाडी

छायाचित्रे पाहून होडी ठरवू नये, हे माझे पहिले आणि आग्रहाचे सांगणे आहे. समुद्रात मासा पाण्यावरून ठरतो. आपल्याला कोणत्या पाण्यात नेणार, किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोलीवर नेणार आणि तिथे कोणत्या रीतीने गरवणार, या तीन प्रश्नांची उत्तरे जो तांडेल न अडखळता देतो, त्याच्याबरोबर जावे.

सुरमई हवी असेल तर चालत्या होडीमागे कृत्रिम आमिष ओढत नेण्याची पद्धत, म्हणजे ट्रोलिंग, हीच तुमच्यासाठी उत्तम. वेग ताशी पाच-सहा सागरी मैलांच्या आसपास ठेवतात. सुरमईचे दात कात्रीसारखे असतात, म्हणून गळाच्या पुढे वीतभर तरी पोलादी तारेचा लीडर लागतोच. नुसता नायलॉन एका झटक्यात तुटतो आणि मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो, जे मला अत्यंत वाईट वाटते. जलाशयावरचा रॉड एखाद वेळी निभावून नेईल, पण रीळ नाही. मोठी सुरमई पहिल्याच धावेत पुष्कळ दोर ओढून नेते, तेव्हा रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोर ताणाखाली सोडणारा ब्रेक, अडकता कामा नये आणि दोर निदान दोनशे-अडीचशे मीटर हवा. शिवाय खारे पाणी साध्या रिळाच्या बेअरिंगला फार लवकर खाते. पहिल्या खेपेला होडीवरचेच साहित्य वापरावे.

कोकराबद्दल थोडे सविस्तर लिहितो. खडकांच्या कडेला, जिथे लाट फुटते आणि पाणी फेसाळते, तिथे मोठा कोकर लहान माशांवर तुटून पडतो, आणि पृष्ठभागावर आवाज करणारा पॉपर टाकून त्याला गरवणे हा या किनाऱ्यावरील सर्वांत दमवणारा प्रकार आहे. त्यासाठी खांद्यांना सवय लागते, आणि खडकाजवळ होडी सांभाळणारा अनुभवी माणूस लागतो. वेंगुर्ल्याच्या बंदऱ्यांपाशी (समुद्रातील खडकाळ बेटांपाशी) किंवा निवतीच्या खडकांपाशी हे करायचे असेल, तर एखादा हंगाम समुद्राची ओळख झाल्यावरच करावे. मोठा कोकर वयाने बराच असतो आणि खाण्यास राठ लागतो. गळाचा काटा चपटा करून ठेवावा, मासा आडवा धरावा आणि लगेच पाण्यात सोडावा.

तळाला मिळणाऱ्या गोबऱ्याच्या बाबतीत तर मी अधिकच आग्रही आहे. गोबऱ्याच्या बहुतेक जाती आधी मादी असतात आणि मोठ्या झाल्यावर त्यांतील काही नर होतात. खडकावरचे मोठे गोबरे वेचून काढले की तिथे नरच उरत नाहीत. खोल पाण्यातून झपाट्याने वर ओढलेल्या गोबऱ्याची हवेची पिशवी फुगते आणि सोडूनही तो खाली जाऊ शकत नाही, म्हणून खाण्यापुरता एक मिळाल्यावर तळाची गरी आवरावी.

वेंगुर्ले रोड

वर परवान्याचा मुद्दा राहिला आहे. मच्छीमार नौका म्हणून झालेली नोंदणी आणि प्रवासी नेण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात सागरी मंडळाचा आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याचा प्रवासी परवाना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण दुर्घटना घडल्यास विम्याचा प्रश्न तिथेच अडतो. प्रत्येकाला मापाचे जीवरक्षक जाकीट मिळते का, हे बंदरावरच तपासावे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये ठेवावा.

मालवणला गेलात तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, हे लक्षात असू द्यावे. त्याच्या गाभा क्षेत्रात गळ टाकता येत नाही. कारवारला नौदलाच्या तळामुळे काही बेटांजवळ जाण्यास मनाई आहे, तेव्हा तिथे स्थानिक तांडेलाचे ऐकावे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली असून त्यात सुरमईही आहे. लहान सुरमई आल्यास ती सोडूनच द्यायची असते.

हिडकलकाठचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डिसेंबरअखेर, वेंगुर्ले, होडीवरचे साहित्य आणि फक्त ट्रोलिंग असे ठरवतो आहोत. एकच शंका उरली: सुरमई मिळालीच, तर आंबोलीचा घाट चढून संकेश्वरपर्यंत ती नीट कशी आणावी?

मूळचा मालवणचा, सध्या टिळकवाडी

होडीवर येताच मासा मारून रक्त काढावे, आतडे व कल्ले साफ करावेत आणि लगेच ठेचलेल्या बर्फात पुरावा. सुरमई, कुपा (ट्यूना) आणि बांगडा हे मासे उन्हात राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते, आणि ते शिजवूनही जात नाही. अंगावर चट्टे उठतात, डोके दुखते. त्यामुळे बर्फ बंदरावर परतल्यावर शोधू नये, तर पहाटे निघतानाच होडीत घ्यावा. माशाच्या वजनाइतका तरी बर्फ असावा, पेटीचे भोक उघडे ठेवून वितळलेले पाणी वाहू द्यावे आणि सावंतवाडीत थांबून पुन्हा बर्फ भरावा. एवढे केल्यास रात्री घरी पोहोचून तुकडे केले तरी मांस घट्ट राहते.