मदत हवी आहे: शेवाळातले शिसे की चिखलातले?

नमस्कार. वडोदऱ्यात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी वेरावळच्या किनाऱ्यावरील उल्वा हे हिरवे शेवाळ आणि तिथलाच गाळ यांतील शिसे, कॅडमियम व तांबे मोजत आहे. शेवाळ पाण्यात विरघळलेला धातू शोषते, तर गाळात तो वर्षानुवर्षे साचतो, त्यामुळे दोन्ही आकडे जुळणार नाहीत हे मी धरूनच चालले आहे. खरी अडचण चिखलाची आहे. समुद्राच्या पाण्यात तीनदा धुऊनही उल्वाच्या चुण्यांत राखाडी कण राहतातच. ॲल्युमिनियम चिखलात भरपूर आणि शेवाळात अगदी थोडे असते; मग शेवाळातील ॲल्युमिनियम मोजून ही भेसळ वजा करता येईल का? गाळ मी ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून फक्त बारीक कण घेतले आहेत. खंभातच्या आखातातील गढूळ पाण्यात मात्र केवळ गाळावरच विसंबावे का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.