गुहेतली हाडं उघडी पडताच भेगाळतात. खोलीची मोजणीही जुळत नाही

लालमाती:
कर्नूलकडची चुनखडीची गुहा, उत्खननाची परवानगी आहे. तोंडापासून ८ मीटर आत १ मीटरचे ४ चौरस घेतलेत. वर वटवाघळांच्या विष्ठेची सैल माती, मग ३-४ सेंमी जाड कॅल्साइटचा (चुन्याच्या पाण्यातून साचणारं खनिज) कडक पापुद्रा, त्याखाली ओलसर लाल चिकणमाती. हाडं तिथेच आहेत. लांब हाड अर्धं उघडं केलं की तासाभरात उभ्या भेगा पडतात आणि पॅरालॉइड (हाड घट्ट करायला ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं ॲक्रिलिक) लावलं की पांढरं होतं. दुसरं म्हणजे, १० सेंमीचे आडवे टप्पे काढतोय, खोली जमिनीपासून टेपने. शेजारच्या चौरसाशी आकडे जुळतच नाहीत.

ओळंबा:
जुळणार कसे? गुहेची जमीन उतरती असते, त्यामुळे तुमचा शून्य दर चौरसात वेगळा. भिंतीच्या अखंड खडकात एक खिळा ठोका (लोंबत्या चुनखांबावर किंवा पडलेल्या दगडावर नको) आणि त्याला १००.०० मीटर माना. लेव्हलने (दुर्बिणीचं पातळी-यंत्र) खिळ्यावर धरलेल्या मोजपट्टीवर ०.४२ वाचलं तर यंत्राची उंची १००.४२, हाडावर पट्टी १.७६ दाखवते, म्हणजे हाड ९८.६६ वर. लेव्हल नसेल तर गवंड्यांची पाण्याची नळी चालते. दुसरा खिळा लांब ठोकून ठेवा, पहिला कधी हलला तर कळेल. आधीचे आकडे फेकू नका: टेप जिथून लावली तो काठ शाबूत असेल तर त्याची उंची घेऊन वजाबाकी करा.

आडवे १० सेंमी मात्र थांबवा. थर तिरका असेल तर एका पिशवीत दोन काळांची हाडं येतात. थराच्या उताराप्रमाणे ५-५ सेंमी काढा. रंग किंवा घट्टपणा बदलला की ५ पूर्ण झाले नसले तरी नवी पिशवी. साळिंदराचं बीळ दिसलं तर त्यातली भुसभुशीत माती आधी वेगळी काढा.

गोणपाट:
भेगांचं कारण वाळण्याचा वेग. बाहेरचा भाग आतल्याआधी आकसतो. एकाच वेळी सगळं हाड मोकळं करू नका. ओलसर कापड, वर प्लास्टिक, आणि रोज थोडं थोडं उघडं, असे काही दिवस. पांढरेपणाचं कारणही ओल: ॲसिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी थरात अडकतं. ओल्या हाडाला पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक इमल्शन पातळ करून लावा.

फार ठिसूळ असेल तर काहीही न लावता मातीच्या चबुतऱ्यासकट उचला. टिश्यू कागदाचे ३-४ ओले थर, मग प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. टिश्यू विसरलात तर प्लास्टरबरोबर हाडाची सालही निघते. आणि पॅरालॉइड बी-७२ साधारण ४० अंशांना मऊ पडतं. कर्नूलच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पेट्या ठेवल्यात तर हाडं कागदाला चिकटतील.

दाढ:
गोणपाटांशी एक मतभेद. इमल्शन लावण्याआधी प्रत्येक थरातला एक दात आणि जाड हाडाचा एक तुकडा काहीही न लावता फॉइलमध्ये ठेवा. लेप एकदा आत मुरला की कालमापनाला तो नमुना भरवशाचा राहत नाही. कॅल्साइटचा पापुद्राही फोडून टाकू नका. वरची बाजू बाणाने दाखवून तळहाताएवढा तुकडा जपा. युरेनियम-थोरियम पद्धतीने (किती युरेनियमचं थोरियम झालं ते मोजून) त्याचं वय निघालं तर खालची हाडं त्याहून जुनी ठरतात. अट एवढीच की पापुद्रा जागच्या जागी तयार झालेला हवा, छतातून पडलेला नको.

कर्नूलकडच्याच बिल्लासुर्गम गुहांतली हाडं १८८४ च्या सुमारास भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांच्या मुलाने खणली आणि १८८६ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड लिडेकर यांनी त्यांत गेंडाही ओळखला. आज तिथे गेंडा नाही. असा एक दात कुठल्या थरातला, हे न कळल्यास तो नुसता दात.

चाळणी:
५ सेंमीहून लांब हाडाला स्वतंत्र क्रमांक, दोन्ही टोकांची उंची, दिशा आणि कल. उचलण्याआधी पट्टी व उत्तरबाणासह फोटो. बाकीची माती ५ आणि १ मिलीमीटरच्या जाळीतून, पाण्याने. चिकणमाती कोरडी चाळली की उंदरांचे दात ढेकळातच राहतात, आणि त्या काळच्या हवामानाबद्दल तेच जास्त सांगतात.

ताठ ब्रश वापरू नका. साळिंदराने कुरतडलेल्या समांतर, सपाट तळाच्या खाचांशेजारी ब्रशचे ओरखडे आले की नंतर भांडण तुमच्याच हाडांवरून होईल. वरची कोरडी माती हलवताना एन-९५ मास्क हवाच, वटवाघळांच्या विष्ठेतली बुरशी फुप्फुसात जाते.