रेस्क्यू टीम सुरू करतोय: आधी रोप घ्यावा की स्ट्रेचर?

रानवाटा
आमच्या तालुक्यात पंधरा-वीस ट्रेकर्सचा गट आहे, रेस्क्यू टीम उभी करायचं चाललंय. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स यांची कामं ऐकून आहोत. पण ही परंपरा मुळात आली कुठून? आणि पहिले पैसे रोपवर घालायचे की स्ट्रेचरवर, यावर गटात वाद आहे.

घाटमाथा
मूळ डोलीत आहे. रस्ता नसलेल्या वाडीतून आजारी माणूस किंवा अडलेली बाई बांबूला घोंगडी बांधून खाली आणायची, दोघांच्या खांद्यावर बांबू, मागे बदलीची माणसं. ठाकर-कातकरी वाड्यांत हे आजही चालतं. रोपचं तंत्र नंतर गिर्यारोहण क्लबांबरोबर आलं. मुंबईचं गिरिविहार १९५४चं.

डोलीचा दोष मोठा आहे: झोळीत पाठीचा कणा वाकतो. उंचावरून पडलेल्याला त्यात घालू नका.

रिवाज म्हणाल तर खंडेनवमीला रोप आणि कॅराबिनर (रोप अडकवायच्या धातूच्या कड्या) पुजणारे गट बरेच. पूजेला सगळं सामान बाहेर निघतंच, तेव्हा रोप बोटांतून इंच-इंच सरकवून बघून घ्या. मध्येच मऊ किंवा चपटा लागला तर तिथे कापायचा. आणि सुटका केल्याचे पैसे घ्यायचे नाहीत, मृतदेहाचे फोटो काढायचे नाहीत.

बिनघाईचा
आधी स्ट्रेचर. बहुतेक कॉल वाटेवर पाय मुरगळल्याचे नाहीतर वाट चुकल्याचे असतात, कड्यावरचे कमी.

हिशोब करून बघा. ७० किलोचा माणूस, स्ट्रेचर, पट्टे, पांघरूण धरून ८५-९० किलो. सहा जणांत प्रत्येकी १५. पण सह्याद्रीतली पायवाट सहा जणांची नसते. बाजूचे दोघे गळतात, चौघांवर २२ येतात. दहा-पंधरा मिनिटांत मूठ ढिली पडते. म्हणून सहाच्या तीन तुकड्या, पुढे वाट मोकळी करणारा एक, पेशंटच्या डोक्याशी बोलत राहणारा एक. झाले वीस. तुमचा सगळा गट एकाच स्ट्रेचरला संपला! वाडीतली माणसं सोबत नसतील तर टीम नाही.

उतरताना पाय पुढे, चढताना डोकं पुढे, म्हणजे डोकं कायम वरच्या अंगाला. पावसात पेशंट गारठतो तो बहुधा खालून, म्हणून आधी पाठीखाली मॅट आणि मग वर पांघरूण.

कातळकडा
पटतंय, पण रोप शिकणं पुढे ढकलू नका. स्टॅटिक रोप, म्हणजे कमी ताणला जाणारा, ११ मिमी. इथे घोळ होतो तो अँकरला, म्हणजे रोप कातळाला जिथे बांधतो त्या आधाराला. आपल्या बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये तांबडा मातकट पट्टा असतो, त्यात मारलेली मेख हाताने निघते. पट्टा सोडून घट्ट कातळ शोधा, निदान दोन वेगळे पॉइंट घ्या आणि त्यांतला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. १२० अंशांवर दोन्ही पॉइंटवर पूर्ण भार येतो, मग दोन घेऊन उपयोग काय? कड्याच्या धारेवर रोपखाली गोणपाट घाला.

वर ओढायला ३:१ पुली (जोर तिसरा हिस्सा लागेल अशी रोपची मांडणी) पुरते, पण तीन मीटर ओढलं की पेशंट एक मीटर वर येतो. अरुंद माचीवर ओढणाऱ्यांना मागे सरकायला जागा नसते. प्रुसिक, म्हणजे रोपला आवळून धरणारी दोरीची गाठ, पुढे सरकवून पुन्हा ओढायचं. आणि हार्नेसमध्ये (अंगाला बांधायच्या पट्ट्यांत) निपचित लटकलेला माणूस आधी मोकळा करा, बाकी सगळं नंतर.

घाटमाथा
माणसांचा मुद्दा इर्शाळवाडीत दिसला. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड आली, वर गाडीरस्ता नाही, पोकलेन चढेना. ढिगारा हाताने उपसावा लागला. मदतीला चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एकाचा हृदयविकाराने जीव गेला. चढणीचा सराव आधी ठेवा, सामान मग.

रानवाटा
मग स्ट्रेचरच. कॉल आल्यावर आधी काय विचारायचं?

बिनघाईचा
लोकेशन, किती जण, शुद्धीवर आहे का, मोबाइलची बॅटरी किती. मग बजावायचं की तिथून हलू नका. लोकेशन पाठवून लोक पुन्हा चालू पडतात आणि टीम रिकाम्या जागी पोचते. एकाचाच फोन चालू ठेवायला सांगा. शिट्टी असेल तर मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. तुमचं उत्तर मिनिटाला तीन.

आग्या मोहोळ उठलं असेल तर तेही आत्ताच विचारून घ्या. मग अंधार पडल्यावर लाल उजेडात जायचं, पांढरी टॉर्च नाही.