टोइंगसाठी पिकअपला सुपरचार्जर : गरज, हौस की पैशाचा धूर?

डोंबिवली_ते_डेन्वर
मंडळी, "एवढ्या पैशांत चांगल्या हॉटेलात राहून येशील" हा सल्ला मला घरात फुकट मिळालेला आहे. तो सोडून बोला.

गाडी २०१४ ची टोयोटा टुंड्रा पिकअप. ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, टो पॅकेज, मागे ४.३० गिअर रेशोचा ॲक्सल, १ लाख १८ हजार मैल झालेले. तिच्यामागे २६ फुटी कॅम्पर, म्हणजे ओढत न्यायचं चाकांवरचं घर. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तरी डेन्वरहून आय-७० महामार्ग धरून डोंगरात जातो. जॉर्जटाउनपर्यंत सगळं झकास. तिथून आयझेनहॉवर बोगद्याचा चढ लागला की गाडी दुसऱ्या गिअरवर येते, आरपीएमचा काटा साडेचार हजारांवर जाऊन बसतो, वेग पन्नास मैलांना अडकतो आणि इंजिन असं केकाटतं की मागे मुलं कानात बोटं घालतात. बायको काही बोलत नाही. फक्त रेडिओ बंद करते.

कारण एकच, हवा. बोगदा ११,१५८ फुटांवर. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), तिथे पावणेदहाच्या आसपास. पेट्रोल हवं तेवढं पाजा, जाळायला हवाच नाही तर करणार काय? दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते. माझ्या ३८१ घोड्यांतले (हॉर्सपॉवर हो) अडीचशेच्या वर थोडेच बोगद्यापर्यंत पोचतात, बाकीचे खाली चरत बसतात.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप. आता हिशोब बघा. समुद्रसपाटीला सात पीएसआय देणारा सुपरचार्जर म्हणजे हवा जवळपास दीडपट दाबणारा. पावणेदहाची दीडपट साडेचौदा. म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी इंजिनाला मुंबईची हवा! मला शर्यती लावायच्या नाहीत. डोंगराने काढून घेतलेलं परत हवंय, बस. किट, फिटिंग, ट्यूनिंग धरून नऊ-दहा हजार डॉलर. नवी गाडी साठ-सत्तर हजार. माझं मत झालंय : लावावा. खोडून दाखवा.

नटबोल्ट
खोडतो.

पन्नासने चढतोस आणि रडतोस? ओढण्याच्या क्षमतेसाठी एसएई जे२८०७ नावाची चाचणी आहे. ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ, एसी पूर्ण चालू, आणि तुझ्यासारख्या गाडीने ४० मैलांच्या खाली यायचं नाही. ही चाचणी सगळ्यांत आधी स्वीकारली ती टोयोटानेच, २०११ च्या टुंड्रासाठी. चाळिसाला पास करणाऱ्या परीक्षेत तू पन्नास घेतोस आणि वर क्लास लावायला निघालास.

दुसरं, आणि खरं दुखणं : उष्णता. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ छोट्या शर्यतीत, सुपरचार्जर बारा-चौदा सेकंद राबतो, मग निवायला मोकळा. तुझा पंधरा मिनिटं सलग राबणार. हवा दाबली की तापते. इंटरकूलरचं पाणी पहिली काही मिनिटं तिला निववतं, मग तेच कढत होतं. मग इंजिन ठोकू नये म्हणून गाडीचा संगणक ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि तू दहा हजार मोजून घेतलेली ताकद ऐन चढावर कापतो. शिवाय तुझ्या मुंबईच्या हवेच्या हिशोबात रेडिएटर कुठे आहे? ज्या पातळ हवेत इंजिन गुदमरतं, तिच्यातच त्याला थंडही व्हायचंय. आता ताकद वाढवली म्हणजे उष्णताही वाढली, आणि ती बाहेर टाकायला हवा मात्र तेवढीच.

गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान कधी बघितलंयस का? आणि कोलोरॅडोत साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं, आणि ऑक्टेन कमी तेवढं इंजिन लवकर ठोकतं. तुला कायम ९१ भरावं लागेल, भाजी आणायला निघालास तरी.

दणकट_पाटील
नटबोल्ट, वाचायला छान आहे. मी चालवलाय.

हेच इंजिन, त्यावर टीआरडीचा, म्हणजे टोयोटाच्या रेसिंग विभागाचा, सुपरचार्जर. टोयोटाच्याच कॅटलॉगातली वस्तू होती ती, डीलर बसवून द्यायचा. कोणी गॅरेजवाल्याने तारेने बांधलेला जुगाड नव्हे. आकडे ५०४ घोडे आणि ५५० टॉर्क (चाक फिरवायचा जोर). मूळ गाडीचा टॉर्क ४०१. टोइंगवाल्याने घोडे विसरावेत, टॉर्क बघावा. मूळ इंजिन साडेचार हजारांवर बोंबलत जे काम करतं, ते हा तीन हजारांवर गुणगुणत करतो. चढाला गाडी सारखी गिअर पाडत नाही, वर-खाली शोधत बसत नाही. धागाकर्त्याची तक्रार केकाटण्याचीच आहे ना?

पेट्रोल जास्त पितो, मान्य. उपास करायचा असेल तर पिकअप घेऊच नये.

नटबोल्ट
पाटील, तुम्ही टेक्सासात ना? तिथे चढ कुठे आहेत? फ्लायओव्हर?

दणकट_पाटील
बोट घेऊन कोलोरॅडोत येतो की. रॅटन पास, ७,८३४ फूट. पाच उन्हाळे.

नटबोल्ट
बोट किती जड?

दणकट_पाटील
ट्रेलरसकट साडेचार हजार पौंड.

नटबोल्ट
आणि ह्याचा कॅम्पर भिंतीसारखा उभा, वर सात हजारांच्या घरात. तरी अनुभव म्हणून नोंद घेतली.

कर्जतची_लेक
मला गाडीतलं कळत नाही, घाटातलं कळतं. वडील रेल्वेत, बालपण कर्जतला. लोणावळ्याकडे निघालेल्या गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागायचे. १ ला ३७ चा चढ आहे तो. लोक प्लॅटफॉर्मवर बँकर जोडताना बघायला उभे राहायचे, वडापाव खात. घरात मात्र चढाची गोष्ट कधीच निघायची नाही, निघायची ती उताराची. उतरणारी गाडी मंकी हिलला थांबवून ब्रेक तपासतात ते उगीच नाही. मालगाडीला तर उतरतानाही बँकर देतात, आवरायला.

म्हणजे बँकर चढताना ढकलतो आणि उतरताना धरतो. दादा, तुमचा सुपरचार्जर धरतो का? बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत आठ मैलांत दोन हजार फुटांहून जास्त उतार आहे. आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला केलेले ते खडीचे रॅम्प बघूनच माझ्या पोटात गोळा आला.

डोंबिवली_ते_डेन्वर
ताई, नाही धरत. पण कॅम्परला स्वतःचे ब्रेक आहेत, कंट्रोलर आहे, आणि मी दुसऱ्या गिअरमध्येच उतरतो. सुपरचार्जर लावला म्हणून उतार वाढत नाही.

नटबोल्ट, डेव्हिस डॅमचा चढ संपतो साडेतीन हजार फुटांच्या आसपास. माझं तर घरच ५,२८० वर आहे. चाचणी दाट हवेत घ्यायची आणि पास झाल्याचं पातळ हवेत मिरवायचं, हे कसं चालेल? उष्णतेचा मुद्दा मात्र लागला. गिअरबॉक्सचं तापमान मी बघत नाही, खरं आहे.

कर्जतची_लेक
उतार वाढत नाही, भीड चेपते. आज चढताना जीव मेटाकुटीला येतो म्हणून तुम्ही सामान बेतात भरता. चढ सोपा झाला की पुढच्या वर्षी दारात ३० फुटी कॅम्पर उभा असेल.

डोंबिवली_ते_डेन्वर
हा प्रतिसाद बायकोने वाचला. तुमचा पत्ता मागतेय, तिळगूळ पाठवायला.

टर्बो_तात्या
वरची सगळी चर्चा म्हणजे जुन्या वाड्याला लिफ्ट बसवणं. विका आणि टर्बोवाली घ्या. पट्ट्यावरचा सुपरचार्जर इंजिनाला जखडलेला, समुद्रावर दीडपट आणि बोगद्यातही दीडपटच. वर तो फिरवायची ताकद इंजिनाच्याच खिशातून जाते. टर्बो धुरावर फिरतो, उंचीवर आणखी जोरात फिरून तूट बरीचशी भरून काढतो. फोर्डने ३.५ चं इकोबूस्ट एफ-१५० मध्ये २०११ ला आणलं, तेव्हाच हा वाद मिटला.

दणकट_पाटील
तात्या, टोयोटानेही २०२२ ला व्ही-८ सोडून ट्विन टर्बो व्ही-६ आणलं आणि २०२४ मध्ये लाखभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या, इंजिनात मशिनिंगचा कीस राहिला म्हणून.

टर्बो_तात्या
कीस राहिला हा टर्बोचा दोष?

दणकट_पाटील
नाही. पण सत्तर हजार मोजून झोप लागेलच असंही नाही.

पक्षकार
वॉरंटीचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्या पार्टमुळे झाला हे कंपनीने दाखवावं लागतं. (टुंड्रासाठी सुपरचार्जर बनवणाऱ्या कंपनीचं नावही मॅग्नुसनच! निव्वळ योगायोग. कायद्यातला मॅग्नुसन वॉशिंग्टन राज्याचा सिनेटर.)

नटबोल्ट
१ लाख १८ हजार मैलांवर कसली वॉरंटी, पक्षकार. गिअरबॉक्स गेला तर सिनेटर येणार नाही.

धागाकर्त्या, एक काम कर. ड्रायव्हरचं दार उघड. खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर असेल, "माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको" असं लिहिलेला. तो आकडा सांग. कॅम्परच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे पिकअपच्या मागच्या जोडावर, येतो, तोही ह्याच आकड्यात धरायचा असतो.

डोंबिवली_ते_डेन्वर
आत्ता गॅरेजमध्ये जाऊन आलो. १,३४५ पौंड.

भरलेला कॅम्पर ७,००० धरला तर १२ टक्क्यांनी ८४०. आम्ही चौघं ५९०. झाले १,४३०. हौद्यातला जनरेटर, कूलर, लाकडं आणि सासूबाईंचा बिडाचा तवा अजून धरलेलाच नाही.

नटबोल्ट
बरोबर. आणि ब्रोशरमध्ये ओढण्याचा आकडा दहा हजारांच्या आसपासचा बघून तू निवांत होतास. तो आकडा ओढायचा, हा वाहायचा. पिकअप ओढण्याआधी वाहण्यात संपते. सुपरचार्जरने ह्या स्टिकरवरचा एक पौंडही वाढत नाही. उलट त्याचं स्वतःचं वजन त्यातूनच जातं.

दणकट_पाटील
शंभर-दोनशे पौंडांनी आभाळ कोसळत नाही. सगळे भरतात. मागच्या स्प्रिंगला आधार द्यायला एअर बॅग (हवेची पिशवी) टाक, काम खलास.

नटबोल्ट
एअर बॅगने गाडीचं बूड वर येतं, ॲक्सलवरचं वजन तसूभर हलत नाही. सरळ दिसते म्हणून हलकी झाली, हे लग्नातल्या फोटोपुरतं ठीक आहे. ह्याला इंजिन कमी पडत नाहीये, गाडी कमी पडतेय. खरंच एवढं ओढायचं असेल तर पाऊण टनी, म्हणजे वरच्या वर्गातली दणकट पिकअप, घ्यावी, त्यात डिझेल घेतलं तर एग्झॉस्ट ब्रेकही मिळतो. तो उताराला धरतो, ताई.

कर्जतची_लेक
मग तोच खरा बँकर.

डोंबिवली_ते_डेन्वर
दहा दिवसांनी लिहितोय. शनिवारी निघताना ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर, गाडी चढवली. पुढे-मागे अठरा चाकी, मध्ये आमची वरात. खिडकीतून हात लांब करून बटण दाबलं, आतली बाई म्हणाली, पावती आत येऊन घ्या.

पुढचा ॲक्सल ३,२४० पौंड. मागचा ४,१८०. कॅम्परची चाकं ६,१२०. एकूण १३,५४०. म्हणजे एकट्या टुंड्रावर ७,४२०, आणि दारावरच्या दुसऱ्या स्टिकरवर भरलेल्या गाडीच्या वजनाची मर्यादा ७,२००. मागच्या ॲक्सलची मर्यादा ४,१५०, तिथेही ३० ने वर. बायकोने पावतीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंचा लगेच फोन : "तव्यामुळे का हो?"

चढाला ह्या वेळी मुद्दाम पंचेचाळीसवरच राहिलो, उजव्या लेनमध्ये, हॅझर्ड लावून. केकाटतं अजूनही, पण कमी. गिअरबॉक्सचं तापमान बघायला ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचं, यंत्र मागवलंय.

दणकट_पाटील
आणि सुपरचार्जर?

डोंबिवली_ते_डेन्वर
कोटेशन ड्रॉवरमध्ये आहे. फाडलेलं नाही. हवेचा हिशोब कोणीच खोडलेला नाही, हेही लक्षात ठेवा. पण आधी हे दोनशे वीस पौंड उतरवायचेत. जनरेटर आणि लाकडं कॅम्परच्या मागच्या बंपरवर रॅक लावून तिकडे टाकतो, म्हणजे हौदा मोकळा होईल.

नटबोल्ट
ते अजिबात करू नकोस. मागच्या टोकाला वजन टांगलंस की पुढे हिच हलकी होते. काट्यावर आकडे देखणे येतील आणि साठच्या वेगाला कॅम्पर शेपटी हलवायला लागेल. लाकडं कॅम्पग्राउंडजवळच विकत घे, जनरेटर घरी ठेव. तवा राहू दे.